बिनदातांची ओळ

“तीन ताटल्या मांडा आणि जिलबीला सोडा,” पद्माताई म्हणाल्या. “खायचं तिला, तर पसंतही तिनंच करावं.”

सिद्रामने साखळी सोडली. जिलबी ही आमच्या निवाऱ्यातली सगळ्यात नखरेल कुत्री. दूध कोमट नसलं की तोंड फिरवायची, भाकरी कडक लागली की सरळ मातीत पुरून यायची. पहिल्या ताटलीशी ती थांबली, हुंगून पुढे गेली. दुसरीतले चार दाणे खाल्ले. तिसरीत मात्र तिने जे तोंड घातलं, ते ताटली फरशीवर घासत भिंतीपर्यंत गेली तरी वर काढलं नाही.

“झालं!” ताईंनी टाळी वाजवली. “स्वस्तातलंच आवडलं बघ. गुणाची गं माझी बाय.”

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले, कारण तीन पानांचं टिपण लिहून मीही त्याच खाद्याची शिफारस केली होती. बायाक्का तेवढी हसली नाही. स्वयंपाकाच्या शेडच्या दारात उभी राहून ती म्हणाली, “कुत्र्याच्या जिभंचं काय सांगतायसा ताई? परवा ह्याच जिलबीनं डागदरबाईंची चप्पल खाल्ली. मग आता चपला आणायच्या व्हय पोत्यानं?”

पुन्हा हशा झाला. या वेळी मी हसले नाही.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. सांगलीहून तासगावकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत पद्माताई मगदूम यांचा हा निवारा होता. ताई शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर, नवऱ्याच्या माघारी वाटणीला आलेल्या दोन एकरांत त्यांनी पत्र्याच्या शेड उभ्या केल्या आणि रस्त्यावरची लंगडी, आंधळी, गाडीखाली आलेली कुत्री आणायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा तिथे एकशे चाळीस कुत्री होती. मी सत्तावीस वर्षांची, पशुवैद्यकाची पदवी ताजी, नोकरी पहिलीच. शिंगं नुकतीच फुटली होती म्हणा ना.

तोवर कुत्र्यांचं जेवण बायाक्का रांधायची. दोन मोठ्या चुलींवर ज्वारीच्या कण्या, सोयाबीन, कधी अंडी. सकाळी सहाला चूल पेटायची ती अकराला विझायची. पण एकशे चाळीस तोंडांना ते पुरत नव्हतं, अर्ध्या कुत्र्यांच्या अंगावरचे केस गळत होते आणि सरपणाचा खर्च तर विचारूच नका. कोरडं खाद्य आणावं, हे मीच सुचवलं. तीन कंपन्यांचे नमुने आले. पहिलं उत्तम होतं, पण जमणाऱ्या देणगीत त्याच्यावर साठ कुत्री जगली असती. दुसरं ठीक होतं, त्यात एकशे दहा भागली असती. तिसरं, मक्याचं, तेवढ्याच पैशात एकशे चाळिसांनाही पुरत होतं.

“बाकीच्यांचं काय करायचं ते मला कुणी सांगू नका,” ताई आदल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. “जी उरतील ती पुन्हा रस्त्यावर सोडायची. मला ते बघवणार नाही, पण उपाशी ठेवणंही बघवत नाही. मीनल, तू डॉक्टर आहेस. तू म्हणशील ते.”

तू म्हणशील ते. आजवर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. पाकिटावरचे प्रथिनांचे आकडे मी तक्त्यात मांडले, खाली रेघ मारली आणि तिसऱ्या खाद्यावर खूण केली. एकही कुत्रं रस्त्यावर जाणार नव्हतं. ताईंनी माझी पाठ थोपटली.

पोती आली आणि चुली बंद झाल्या. ताई कुणाला कामावरून काढणाऱ्या नव्हत्या. बायाक्काकडे त्यांनी बिनदातांची ओळ सोपवली. शेवटच्या शेडमध्ये नऊ म्हातारी कुत्री होती, कुणाचे दात पडलेले, कुणाचा जबडा मोडलेला. त्यांना खाद्य कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, हाताने कुस्करून द्यावं लागे. बाकीच्या शेडमध्ये सिद्राम डबा घेऊन फिरायचा आणि कोरडंच टाकायचा. पगार मात्र बायाक्काचा अर्धा झाला. बंद चुलींवर तिने पोतेरं फिरवलं आणि पातेली पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली.

“डागदरबाई, जरा हिकडं या.”

पातेल्यात खाद्य भिजत होतं. वर तेलाचा तवंग आला होता.

“वास घ्या.”

मी वाकून वास घेतला.

“काय येतंय?”

“काही नाही. खाद्याचाच वास आहे.”

“कुबट न्हाई वाटत?” ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली. “मार्केट यार्डात बावीस वर्सं मका आन् जुंधळा निवडलाय मी. थप्पीतलं खालचं पोतं भिजलं की मका असाच घाण मारतोय. व्यापारी वाळवून, तेल चोळून पुन्ना भरत्यात. कोरडं हाय तवर कळत न्हाई. कोमट पानी पडलं की बोलाय लागतोय.”

“अक्का, यात जीवनसत्त्वं असतात, यकृताचा अर्क असतो. त्याचा वास तुमच्या ओळखीचा नाही. हे कंपनीतून तपासून येतं.”

“तपासनाऱ्याला नाक असतंय व्हय?”

माझा पारा चढला. तीन पानांचं टिपण, तक्ता, टक्केवारी, आणि ही बाई मला नाक शिकवत होती.

“तुमची चूल बंद झाली म्हणून तुम्हाला वास येतोय,” मी म्हणाले.

बोलले आणि वाटलं, नको होतं बोलायला. पण शब्द गेला तो गेला. बायाक्काने पातेल्यावर झाकण घातलं.

“चूल माजी नव्हती, बाई. कुत्र्यांची हुती,” ती म्हणाली. “बरं, ताईस्नी सांगू का मी?”

“मी सांगते. ते माझं काम आहे.”

“व्हय, तुमीच सांगा. तुमी सांगितल्यालं पटंल त्यास्नी. मी सांगितलं तर त्याबी चुलीचंच म्हनतील.”

दोन दिवसांनी पाणी भरताना तिने विचारलं, “बोललासा ताईस्नी?”

“बोलले.”

“काय म्हनल्या?”

“तपासायला पाठवू म्हणाल्या.”

तिचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. “मग झालं,” ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

तीन आठवडे काही झालं नाही. उलट कुत्री अंगाने भरली, असं येणारेजाणारे म्हणू लागले. ताई मला पाहुण्यांपुढे उभं करायच्या, “आमच्या डॉक्टरांची करामत.” चौथ्या आठवड्यात जिलबीने खाणं सोडलं. नखरे असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग ती उलट्या करू लागली. मी तिची पापणी खाली ओढली, तर डोळा पिवळाधमक. दोन दिवसांत ती गेली. त्याच दिवशी आणखी चार आडवी झाली.

मी गोचीड तापाचं औषध सुरू केलं. रात्रंदिवस सलाइनच्या बाटल्या लावल्या. कुत्री मरतच होती. सिद्राम खड्डे खणून दमला, मग गावातून दोन माणसं खणायला आणली. ताई प्रत्येक खड्ड्याशी उभ्या राहायच्या, प्रत्येकाचं नाव घ्यायच्या. बाराव्या दिवशी त्यांना नाव आठवेना. त्या तिथेच मातीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. असं रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

एकतीस कुत्री गेली. आणि मग सिद्रामने ते म्हटलं.

“ताई, एक इच्यारू? बिनदाताच्या ओळीतलं एक बी कुत्रं का मेलं न्हाई?”

सगळे ऑफिसच्या व्हरांड्यात होतो. खरंच होतं. नऊच्या नऊ म्हातारी, मरणाला टेकलेली कुत्री ठणठणीत होती आणि तरणीताठी मातीत गेली होती.

“परवा मी बघितलं,” सिद्राम पुढे म्हणाला. “बायाक्का भिजवल्यालं खाद्य उकिरड्यावर वतत हुती. आन् घरच्या डब्यातनं दुसरंच कायतरी काढून घालत हुती. तिला म्हायती असल्याबगर ती असं करंल व्हय? चूल गेल्यापास्नं म्हनतच हुती, ह्ये खाद्य लाभायचं न्हाई म्हनून.”

“बोलव तिला,” ताई म्हणाल्या.

बायाक्का हात पुसत आली. व्हरांड्याच्या खालीच उभी राहिली.

“बायाक्का, तू तुझ्या कुत्र्यांना काय घालतेस?”

“भाकरी.”

“कुठली भाकरी?”

“माज्या घरची. दुधात कुस्करून आणतोय.”

“आणि आपलं खाद्य?”

“फेकतोय.”

“का?”

“वास मारतंय म्हनून.”

ताईंचा आवाज कापू लागला. “तुला वास आला, तू तुझी नऊ वाचवलीस, आणि बाकीच्यांना मरू दिलंस? महिनाभर? मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? का, चूल बंद केली म्हणून सूड उगवलास माझ्यावर? की आणखी काही कालवलंस त्या पोत्यांत?”

“देवाशपथ न्हाई ताई,” बायाक्का म्हणाली. ती घाबरली नव्हती, गोंधळली होती. “मी सांगितलं हुतं की. तिसऱ्याच दिशी. डागदरबाईस्नी वास घ्यायला लावला. त्या तुमास्नी बोलल्या म्हनल्या. तपासाय पाठवनार म्हनल्या. म्हनून तर मी गप बसलो.”

ताई माझ्याकडे वळल्या.

“मीनल, ही तुला बोलली होती?”

व्हरांड्यात पाच माणसं होती. ताईंचे डोळे रडून सुजले होते. एकतीस खड्ड्यांची माती अजून ओली होती. सगळं नीट आठवतं मला, बायाक्काच्या पदराला लागलेलं पीठसुद्धा.

“नाही,” मी म्हणाले.

वास मला आला होता. पहिल्यांदा वाकले तेव्हाच आला होता. ओल लागलेल्या गोदामाचा, कुबट, घशाशी येणारा वास. डोळे पिवळे झाले तेव्हा गोचीड ताप नाही, हेही मला कळलं होतं. बायाक्काने सांगितलं होतं आणि ताईंशी मी बोललेच नव्हते, हे त्या व्हरांड्यात फक्त दोघींना माहीत होतं, एक पायरीवर उभी होती आणि एक पायरीखाली.

बायाक्काने माझ्याकडे बघितलं. ती ओरडेल, शिव्या देईल, पाय आपटेल, याची मी वाट बघत होते. तिने तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“डागदरबाई न्हाई म्हनत्यात, तर न्हाईच सांगितलं असंल मी,” ती म्हणाली. “लिवता-वाचता येणारी मानसं कशाला खोटं बोलत्याल?”

तिने पदर खोचला, शेडमध्ये जाऊन आपलं डब्याचं फडकं आणलं आणि फाटकाबाहेर गेली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. कुणी थांबही म्हटलं नाही.

त्याच दुपारी मी खाद्याचा नमुना पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला. कशाची तपासणी हवी, या रकान्यात नेमकं लिहिलं: बुरशीचं विष. सिद्रामला डब्याऐवजी कण्या रांधायला बसवलं. आठ दिवसांनी अहवाल आला. मक्यात बुरशीचं विष होतं, असायला हवं त्याच्या कितीतरी पट. यकृत सडवणारं.

ताईंनी अहवाल दोनदा वाचला आणि माझे हात हातात घेतले.

“तुला कसं सुचलं गं नेमकं हेच तपासायला? तू नसतीस तर उरलेलीही गेली असती.”

गावच्या एका साप्ताहिकाने माझा फोटो छापला. तरुण डॉक्टरने शंभर मुक्या जिवांचे प्राण वाचवले, असं काहीतरी. माझ्या आईने ते कात्रण कपाटाच्या काचेला लावलं. कंपनीच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. आम्ही दुसऱ्या क्रमांकाचं खाद्य सुरू केलं. एकशे दहा कुत्र्यांना पुरेल असं ते होतं, आणि आता ते परवडत होतं. खाणारी तोंडं एकशे नऊच राहिली होती.

“बायाक्कावर मी भलताच आळ घेतला,” ताई एक दिवस म्हणाल्या. “विष तिनं घातलं नव्हतं. बोलली नाही हा तिचा दोष, पण अडाणी बाई, भीती वाटली असेल. तू जा मीनल. तुझा मान ठेवेल ती. म्हणावं, पूर्ण पगारावर ये.”

मी गेले. कवलापुरात रस्त्याला लागूनच तिचं घर होतं, पुढे पत्र्याची पडवी. ती शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण बसायला पोतं सरकवलं. सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

“बिनदाताची कशी हायती?”

“बरी आहेत. नऊच्या नऊ.”

“भिजवून कोन देतंय?”

“सिद्राम.”

“त्यो घाई करतोय. त्येला सांगा, अर्धा तास म्हंजे अर्धा तास. त्या काळ्या म्हातारीला तर बोटानं चारावं लागतंय, ती ताटलीत त्वांड घालीत न्हाई.”

“तुम्हीच या ना अक्का,” मी म्हणाले. “अहवाल आला. विष खाद्यातच होतं. ताईंना पटलंय तुम्ही काही केलं नाही ते. पूर्ण पगारावर बोलावलंय.”

तिने आणखी दोन शेंगा फोडल्या. दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला.

“मी सांगितलं हुतं, ह्ये पटलंय का त्यास्नी?”

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले होते.

“म्हंजे न्हाई,” ती म्हणाली. “त्यांच्या मनात अजून मी तीच हाय. माज्या नवांना भाकरी दिली आन् बाकीच्यास्नी मरताना बघत बसली, ती बाई.” आता प्रथमच तिचा आवाज चढला. “आवं, जिलबीला मी बोळ्यानं दूध पाजून जगवली हुती! तिला मी मरू दीन? म्हैनाभर मी वाट बघितली, आज तपासून यील, उद्या तपासून यील. भाकरी नवांनाच पुरत हुती माज्या घरची. एकशे चाळिसांना पुरली असती तर तुमच्या तोंडाकडं बघत बसलो नसतो मी.”

“माझं चुकलं, अक्का.”

“मला काय सांगतायसा? मला म्हायतीच हाय.” ती पुन्हा शेंगांकडे वळली. “ताईस्नी सांगा. ज्या दिशी सांगशीला, त्या दिशी येतोय मी. पगार अर्धा दिला तरी येतोय. तोवर न्हाई.”

मी परत आले. ताई फाटकाशीच उभ्या होत्या.

“काय म्हणाली?”

वाटेत मी सगळं घोकत आले होते. पहिलं वाक्य काय, दुसरं काय. ताई माझ्याकडे बघत होत्या, कौतुकाने, काळजीने, जशा शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलीकडे बघत असतील.

“नाही म्हणते,” मी म्हणाले.

“मानी आहे हो,” ताई हळहळल्या. “तू स्वतः दारात गेलीस तरी? एवढं मनाला लावून घेऊ नये माणसानं. जाऊ दे. आपण आपलं कर्तव्य केलं.”

ताई पाच वर्षांनी गेल्या, बायाक्का सात वर्षांनी. निवारा तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता, आणि ती सातही वर्षं मी रोज तिच्या पडवीवरूनच कामाला जात होते.